अंगणातली बाग : आज तोडा, उद्या जून होईल



तम्मूज सरत आला की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. रायगडात याच दिवसांत भातलावणी चालते आणि शेतातले जास्तीचे पाणी काढून द्यायची घाई असते. इथे मेपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाची आशाच नाही. म्हणून बागेतले काम सकाळी सातच्या आत उरकावे, नाहीतर ऊन उतरल्यावर करावे. वयस्कर मंडळींनी टोपी, पाण्याची बाटली आणि एखादे नातवंड सोबत घ्यावे. नातवंड बाटलीपेक्षा जास्त उपयोगी पडते, भेंडी त्यालाच आधी दिसते!

या महिन्यात भेंडीला सुट्टी नाही. फूल उमलल्यापासून चार-पाच दिवसांत ती तोडायला येते, म्हणून दिवसाआड तोडणी हवीच. इथल्या बाजारात बामिया म्हणून अंगठ्याएवढी बारकी भेंडी मिळते. आपल्याला मात्र बोटभर लांबीची लागते, हो की नाही? मुलांनो, आजीला, म्हणजे तुमच्या साफ्ताला, विचारा, भेंडीची परीक्षा कशी घेतात ते. शेंडा मोडून पाहायचा. कट्‌कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. बाह्या लांब घाला, पानांची कूस लागून हात खाजतात.

शाब्बाथला तोडणी नाही, त्यामुळे शुक्रवारी सकाळी भेंडी जरा लहान दिसली तरी काढून घ्यावी. ती रविवारपर्यंत ठेवली तर दोरा येतो. झाडावर जून भेंडी राहिली की झाडाची ताकद बियांकडे जाते आणि नवी फुले कमी येतात. म्हणजे तोडणी हीच भेंडीची निगा. फक्त हंगामाच्या शेवटी उत्तम झाडावर दोन भेंड्या सुकू द्या. हलवल्या की खुळखुळतात, तेच पुढल्या वर्षीचे बी. पाकिटावर हायब्रिड लिहिलेले असेल तर त्या बियांपासून तशीच भेंडी येईलच असे नाही.

टोमॅटोची फुले गळतात म्हणून कोणी रोप उपटू नये. पारा ३५ अंशांच्या वर गेला की परागच नीट काम देत नाहीत. दुपारी वर जाळी बांधा, पाणी नेमाने द्या आणि हवा निवायची वाट बघा. खत ओतून फळ धरणार नाही.

आता वालाची गोष्ट. दिमोनाच्या एका भगिनीने विचारले आहे की, बिरड्याच्या सणासाठी दुकानातून आणलेल्या वालांतले मूठभर त्यांनी अंगणात पेरले, वेल कुंपणावर चढला, पण फूल एकही नाही, तर तो काढून टाकावा का? नको हो, काढू नका! जुन्या जातीचा वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतो. कोकणात तो भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर पेरतात आणि शेंगा थंडीत येतात, ते याचसाठी. इथे उन्हाळ्यात चौदा तासांचा दिवस, मग वेल नुसता पालाच धरणार. तिशा बआबच्या बिरड्याला घरचे ताजे वाल मिळणार नाहीत हे खरे. त्यासाठी मागच्या शेंगांचे दाणे वाळवून ठेवावे लागतात. वेलाचे शेंडे खुडा, पाणी बेताचे द्या, शेणखत आवरा. सुक्कोथच्या सुमारास जांभळी-पांढरी फुले दिसू लागतील. किनाऱ्याकडे, अश्दोदला वगैरे, थंडी सौम्य असल्याने शेंगा अधिक दिवस मिळतात.

ठिबकच्या नळ्या एकदा तपासाव्या. बेरशेबाजवळच्या हात्झेरीम किब्बुत्समध्ये १९६५ साली ठिबकचा कारखाना निघाला, म्हणून आपल्या वाळवंटात अंगणे हिरवी दिसतात. पण आपले पाणी क्षाराचे, भोके बुजतात. नळीचे टोक उघडून पाणी जोरात सोडा, गाळ निघून जाईल.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. कुंड्यांखालच्या बश्या. उन्हाळ्यात त्यातल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात. वेस्ट नाईल ताप याच डासांमुळे पसरतो. २००० साली आणि पुन्हा २०२४ साली इथे त्याची मोठी साथ आली होती, आणि त्याचा खरा धोका म्हाताऱ्या माणसांना. दर शुक्रवारी, भेंडी तोडल्यावर, सगळ्या बश्या पालथ्या करायच्या. हे काम आम्ही मुलांना देतो. पाणी ओतायला त्यांना फार आवडते.

फुलांचे थोडक्यात सांगतो. मोगऱ्याचा बहर ओसरला की शेंडे हलके छाटा, नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात. झेंडूची सुकलेली फुले खुडत राहा. सदाफुलीकडे बघायचीही गरज नाही, तिला ऊन मानवते.

पुढच्या अंकात मेथी आणि कोथिंबीर. बी आताच आणून ठेवा, पण पेरू नका, या उन्हात कोथिंबीर फुलावर जाते.