पाठीवरचा भोपळा

‘पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही’ हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं, त्या गृहस्थांना एकदा भेटण्याची माझी फार इच्छा आहे. भेट शक्यतो विहिरीच्या काठावर व्हावी.

आमच्या बँकेत हे वाक्य वर्षातून निदान बारा वेळा कानावर पडतं. शाखेत नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली, की कोणीतरी ज्येष्ठ सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणतो, “बसवा कॅशवर! आमच्या वेळी आम्हांला कोणी शिकवलं होतं?” मग त्या जिवाला काचेपलीकडे बसवतात आणि आपण काठावर उभं राहून गंमत बघतात. याला ते ‘तयार करणं’ म्हणतात. लोणचं तयार करतानाही माणसं याहून जास्त लक्ष देतात.

आता पोहण्यातलं मला थोडंफार कळतं. मी आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलो. मामाने मला ढकललं, हे खरं. पण ढकलण्यापूर्वी त्याने माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता, कमरेला दोर होता, दोराचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं, आणि मामेभाऊ आधीच पाण्यात उतरून माझी वाट पाहत होता. एवढा बंदोबस्त हल्ली मंत्र्यांनाच मिळतो. आणि गावाहून परतल्यावर मी शाळेत काय सांगितलं? “मामानं ढकललं, आणि मी पोहलो!” भोपळ्याचं नावसुद्धा काढलं नाही. ‘आमच्या वेळी कोणी शिकवलं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने असाच एक भोपळा गाळलेला आहे, असा माझा जाहीर आरोप आहे.

बँकेतल्या माझ्या भोपळ्याची हकीकत तर मला सांगितलीच पाहिजे. २०१० साली मी रुजू झालो आणि का कोण जाणे, मला मुख्य कार्यालयाच्या जनसंपर्क विभागात टाकलं. बी.कॉम.ला जमा आणि नावे शिकवतात, जनसंपर्क शिकवत नाहीत. विभाग म्हणजे चार टेबलं, एक न उघडणारं कपाट आणि गेल्या वर्षीच्या न वाटलेल्या कॅलेंडरांचे गठ्ठे. शाखांत लावायच्या सूचना, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, बँकेची गृहपत्रिका, अध्यक्षांच्या नववर्षाच्या शुभेच्छा, सगळं तिथून निघायचं. प्रमुख एक मॅडम, निवृत्तीला टेकलेले एक काका, आणि सगळे ज्यांना मामा म्हणत ते शिपाई.

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून जाणार होती. त्याची सूचना हा माझा पहिला मोठा मसुदा. मी झोकात लिहिलं : ‘सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, उपरोक्त मूल्याची नाणी वैध चलन म्हणून गणली जाणार नसल्याने तत्पूर्वी विनिमयाची तजवीज करणेत यावी.’ काकांनी वाचलं. “झकास,” म्हणाले. “आता हे मामांना वाचून दाखव.”

मामांनी डोळे मिटून ऐकलं. कीर्तन संपल्यावर उघडावेत तसे उघडले आणि म्हणाले, “म्हंजे चाराणे बंद होनार ना? मग तसं लिवा की!”

हा त्या विभागाचा नियमच होता. मामांना कळलं तर छापायचं, नाहीतर परत. ती सूचना मी सात वेळा लिहिली. काय बंद होणार ते पहिल्या ओळीत, कधी ते दुसऱ्या ओळीत, लोकांनी काय करायचं ते तिसऱ्या ओळीत. एवढं समजायला मला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस काकांनी स्वतःचं काम बाजूला ठेवून मला दिले. हसले फक्त मामा.

पण खरी परीक्षा पुढल्या वर्षी झाली. चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणल्याचं रिझर्व्ह बँकेनं कळवलं होतं. नियम १ एप्रिल २०१२ आणि त्यानंतरची तारीख असलेल्या चेकांना लागू होता. मी एव्हाना सुटसुटीत लिहिण्यात इतका तरबेज झालो होतो, की मधली ‘तारीख असलेल्या’ही भानगडही काढून टाकली. ‘१ एप्रिलपासून चेक तीनच महिने चालेल.’ मामांना चटकन कळलं. मॅडमनी घाईत सही केली. आणि मार्चअखेरीला, म्हणजे बँकेच्या ऐन बाळंतपणात, डिसेंबरातले चेक घेऊन लोक शाखाशाखांतून रांगा लावू लागले. आपला चेक आता एक तारखेला मरणार, अशी त्यांची समजूत. एक पेन्शनर आजोबा तर एस.टी.ने तालुक्याला आले, असं एका शाखेनं मला सुनावलं.

वरच्या मजल्यावरून फोन आला. आवाज मला चार टेबलांवर ऐकू येत होता. “कोणी लिहिलं हे?”

मॅडम म्हणाल्या, “सही माझी आहे. चूक माझी झाली. दुपारपर्यंत सुधारित सूचना जाईल.”

मी मनातल्या मनात राजीनामा लिहून त्याखाली सहीही केली होती. मॅडमनी फोन ठेवला. “सुधारित सूचना तुम्हीच लिहा,” त्या म्हणाल्या. “शाखांना फोनही तुम्हीच करा. आणि ‘अनवधानाने’ वगैरे नको. ‘चूक झाली’ म्हणायचं.” मी चाळीसच्या वर फोन केले. दहाव्यापर्यंत अडखळत होतो, विसाव्यापासून सरावलो. (ही विद्या लग्नानंतर फार कामी आली.)

“अशानं पोरं लाडावतात,” असं यावर ज्येष्ठ म्हणतात. लाडावतात कशी? माझे मसुदे त्या विभागात लाल शाईने इतके माखून परत यायचे, की ते पाहून परक्याला वाटावं इथे मारामारी झाली. सांभाळून घेणं म्हणजे ‘छान छान’ म्हणणं नव्हे. हल्ली भिंतीवर ‘आपण एक कुटुंब आहोत’ असा फलक लावतात, आणि त्याच फलकाखाली त्या पोरीला पहिल्याच दिवशी एकटीला रांगेसमोर सोडतात. कुटुंबात नव्या सुनेला निदान मिठाचा डबा कुठे आहे ते तरी दाखवतात! शिवाय नवखा बुडाला, की गटांगळ्या फक्त तोच खात नाही. एस.टी.ने येणारे ते आजोबाही खातात.

हे सगळं मी आज मोठ्या तोऱ्यात लिहितोय. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये मी शाखेत होतो. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झालेल्या, रांग रस्त्यापर्यंत, आणि आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा. त्याला बदलीच्या काउंटरवर बसवावं का, असं मॅनेजरांनी विचारलं, तेव्हा “बसवा की, पाण्यात पडल्याशिवाय...” हे वाक्य कोणी पुरं केलं असेल? मी. संध्याकाळी चार हजार कमी आले. माणशी चार हजार द्यायचे होते, कोणाला तरी आठ गेले असणार. कमी आलेली रक्कम कॅशियरने भरायची असते. त्याने ती कोणाकडून तरी उसनी आणून भरली. मी माझी कॅश जुळवून शेवटच्या लोकलने घरी गेलो. पुढल्या वर्षी त्याने बँक सोडली. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी लागली. दुसऱ्याच आठवड्यात तिने दारावर सूचना चिकटवली : ‘सर्व्हर डाउन असल्यामुळे ग्राहक दुपारी दोनपर्यंत बंद राहतील.’ कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. तासाभरात मॅनेजर बाहेर आले. “हे कोणी लिहिलं?”

“मी,” मी म्हटलं.

“तुम्ही? अहो, तुम्ही जनसंपर्कात होता ना?”

मी म्हटलं, “चूक झाली.” बऱ्याच दिवसांनी म्हटल्यामुळे जरा अडखळलो.

ते गेल्यावर ती मुलगी आली. “काका, तुम्ही कशाला...” मी चाळिशी नुकतीच ओलांडली आहे, पण त्या ‘काका’कडे दुर्लक्ष केलं आणि तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. तिने लिहिलं. मी दोन शब्द खोडले आणि म्हटलं, “आता हे दारावरच्या वॉचमनमामांना वाचून दाखव.”

पाच मिनिटांनी ती परत आली. “मामा विचारतायत, सर्व्हर कोण, आणि त्यांना नक्की काय झालंय?”