सही आहे, ग्रामसभेची आहे!



२१ मार्चच्या जागतिक वन दिनाच्या भाषणांना आपल्या वृत्तपत्राने पाव पान दिले. प्रत्येक वक्त्याच्या तोंडी 'लोकसहभाग'. त्याच आठवड्यात आमच्या ग्रामसभेच्या बांबूचा ट्रक वनखात्याच्या एका तपासणी नाक्यावर दोन रात्री उभा होता. कारण काय, तर 'टीपीवर (वाहतूक परवान्यावर) साहेबांची सही नाही.'

सही आहे. ग्रामसभेची आहे, आणि कायद्याला तीच लागते. गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, असे वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिले आहे. बांबू गौण वनउपजात येतो, हे तर २००६ च्या मूळ कायद्यातच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन, मुख्यमंत्र्यांसमोर, परवान्याचे पुस्तक दिले होते. एवढ्या वर्षांत ही बातमी नाक्यापर्यंत पोहोचली नाही? नियमाची झेरॉक्स ट्रकवाल्याजवळ होती. ती वाचून कर्मचारी म्हणाला, 'हे तुमच्या गावात चालते, रस्त्यावर नाही.' मग बांबू काय आम्ही एकमेकांनाच विकायचा?

हे जंगल आम्हाला आयते मिळालेले नाही. रोज पाळीने दोन घरची माणसे राखणीला जातात. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) काढायचे नाहीत, कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही, हे ठरावात आहे. सध्या मोहफुलाचे दिवस आहेत. पूर्वी फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचे आणि तोच वणवा डोंगरभर पसरायचा. आता बाया पहाटे पाला झाडून काढतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात, म्हणून तेंदूपत्त्याचे हातात येणारे पैसे सोडले आणि बांबूवर संसार उभा केला. अशा गावांना सहभाग शिकवणार कोण?

वनखात्याचा परवाना नसेल तर जंगल लुटले जाईल, असे नेहमी सांगतात. मी साठीचा आहे. हे जंगल उजाड होताना मी पाहिले आहे. तेव्हा बांबू कागद कारखान्याकडे जात होता आणि प्रत्येक ट्रकजवळ शिक्क्याचा परवाना होता. साहेबांची सहीही होती!

दोन दिवसांच्या खोळंब्याचे भाडे ग्रामसभेने भरले. ते पैसे मजुरीतले होते. त्याची भरपाई कोणाकडे मागायची, तेही कोणी सांगावे.

जाता जाता आपल्याबद्दलही बोलतो. गडचिरोली आपल्या पानावर येते ती चकमकीमुळे, नाहीतर वाघामुळे. २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांच्या मोहिमेचे फोटो मात्र भरभरून छापून आले. रोपे लावणाऱ्यांचे फोटो निघतात, उभे जंगल राखणाऱ्यांचे निघत नाहीत. निदान त्यांचे ट्रक तरी अडवले जाऊ नयेत.

पुढच्या वन दिनाला भाषणाला निघालेल्या साहेबांना एकच विनंती: वाटेत नाका लागतो. २०१२ च्या नियमाचे ते एक पान तिथे चिकटवून या. खळ आम्ही देऊ.

– एक ग्रामसभा सदस्य, जि. गडचिरोली