उरलेल्या मेथीचं काय?

दिवाळीची सुट्टी लागली की सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ल्यासाठी माती-दगड जमतात, अळीव पेरले जातात. दरवाजा इथेच का, पाण्याचं टाकं कुठे, असं विचारावं तर पोरं भांडत भांडत उत्तरं देतात. 2025 मध्ये 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, हेही ऐकवतात. शाळा उघडली की यांतलाच एखादा 'मी केलेला किल्ला' हा निबंध गाइडातून उतरवतो आणि परिसर अभ्यासाच्या वहीत गाळलेल्या जागा भरतो.

शाळेत असे सुटे पडलेले विषय एकत्र आणायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. 2023-24 मध्ये बालभारतीने भाषा, गणित, परिसर अभ्यास एकाच पुस्तकात घालून त्याचे चार भाग केले. दप्तर हलकं झालं, चांगलंच झालं. पण पुस्तकं एकत्र बांधली म्हणून विषय एकत्र नांदू लागत नाहीत.

ते नांदतात आठवडी बाजारात. चौथीची मुलं भाजीवाल्या मावशींकडे जाणार असतील तर प्रश्न आधी वर्गात तयार करावे लागतात आणि खरा भाषेचा तास तोच. 'मेथी ताजी आहे का?' याला 'हो' यापलीकडे उत्तर नाही. 'उरलेल्या मेथीचं काय करता?' म्हटलं की मावशी बोलत्या होतात: पहाटेचा टेम्पो, आडत, पावसाने सडलेल्या जुड्या, जागेची पावती. ती पावती कोण फाडतं, त्या पैशांचं काय होतं, हा पुढचा प्रश्न मुलंच काढतात. मग ग्रामपंचायतीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये कोल्हापुरात 'सृजन आनंद' विद्यालय सुरू केलं, ते मुलांच्या अनुभवावर असाच भरवसा टाकून.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, ही तक्रार खरी आहे. निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं यांतच दिवस जातो. तरी आमच्या मते या बाबतीत जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा शहरातल्या बड्या शाळेपेक्षा सुदैवी. तिथे भाषेचे आणि परिसराचे गुरुजी एकच. तासिका मोडायला कुणाची परवानगी नको. अडतं ते परीक्षेपाशी. मावशींचं उत्तर ज्याने नीट ऐकून लिहिलं, त्याला गुण कोणत्या रकान्यात द्यायचे?

यंदाच्या अंकात मुलांनी घेतलेल्या अशा मुलाखतींचा वेगळा विभाग आहे. मजकूर त्यांच्या बोलीत, त्यांच्याच ऱ्हस्व-दीर्घांसह छापला आहे. आमच्या मुद्रितशोधकांना हे मुळीच मान्य नव्हतं.