पिशवीवरचे सव्वीस टक्के

चिंगी जतहून आली. मामाच्या ओळखीतल्या एका धनगरानं दिलेली, आईबाप दोघंही कारवान, वय दोन महिने. मी तेव्हा पुण्यातल्या कंपनीचं काम म्हसवडजवळच्या गावातून, घरी बसून करत होतो. पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन पिशवी मागवली. 'ग्रेन-फ्री', 'नव्या युगाचं प्रोटीन', क्रूड प्रोटीन किमान २६ टक्के. आबांनी पिशवी उचलून वास घेतला.

"ह्यात हाय काय रं?"

"प्रोटीन हाय, आबा."

"कशाचं?"

मागे बारीक अक्षरात 'प्राणिजन्य प्रोटीन, कडधान्य प्रोटीन' एवढंच होतं. मी विषय बदलला. तीन महिन्यांनी सांगलीत डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. चिंगीची शी सतत पातळ, केस रखरखीत. कारवानच्या बरगड्या तशाही दिसतात, पण हिच्या मोजता येत होत्या. जंत नव्हते, रक्त ठीक होतं. "प्रोटीन कशाचं आहे?" मी परत पिशवीचा फोटो दाखवला. पिशवीमुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या आकड्यावर भरवसा ठेवून मी अडीच हजार रुपये मोजले, तो नेमकं काय मोजतो हे मी तोवर पाहिलंही नव्हतं, याची लाज वाटली.

तर तो आकडा. १८८३ साली योहान केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत धान्यातलं प्रोटीन मोजायची पद्धत काढली. ती प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणायचं, की झालं 'क्रूड प्रोटीन'. आपल्या धंद्यात कोडच्या ओळी मोजून प्रोग्रामरची किंमत ठरवणारे मॅनेजर असतात ना, त्यातलाच प्रकार. नायट्रोजन कुठून आला हे चाचणीला कळत नाही. कोंबडीच्या पिसांचं 'क्रूड प्रोटीन' ८० टक्क्यांच्या वर भरतं, पण ते केराटिन असतं. दाब देऊन वाफेवर शिजवल्याशिवाय ते कुत्र्याला पचत नाही, आणि शिजवलं तरी त्यात लायसिन कमीच.

या पळवाटेतून एकदा विषच आत आलं. २००७ मध्ये अमेरिकेत चिनी गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. प्लास्टिकच्या धंद्यातला हा पदार्थ, वजनाच्या ६६ टक्के नायट्रोजन. केल्डालच्या हिशोबानं ते ४०० टक्क्यांहून जास्त 'प्रोटीन' झालं! कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या, लाखो पाकिटं परत मागवावी लागली. पुढच्याच वर्षी तेच चीनमध्ये बाळांच्या दुधात सापडलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. चाचणी मात्र दोन्ही वेळा पास होती.

आता नव्या प्रोटीनचा जोर आहे. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या, रेशीमकिड्यांचे कोष, यीस्ट, वाटाणा. मला अळ्यांची किळस नाही. आमच्या माणदेशात पाणी आणि चारा काय भावानं पडतो हे मी पाहिलंय, त्यामुळे टाकाऊ अन्नावर वाढणारं प्रोटीन मला आवडेलच. पण अळीच्या कवचात कायटिन असतं आणि त्यातही नायट्रोजन असतो. म्हणून २०१७ च्या एका अभ्यासानं अळ्यांसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ चा गुणक सुचवला. म्हणजे पिशवीवरचे ४० टक्के प्रत्यक्षात ३० च्या आसपास. कुठला गुणक वापरला हे कुठली पिशवी सांगते?

'ग्रेन-फ्री'चं तर सगळं उलटंच. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चार ते तीस. माणसाच्या दारात राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलं. आणि धान्य काढून भरलेल्या वाटाणा-मसुरानं काय केलं? जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अशा खाद्यावरच्या कुत्र्यांमध्ये हृदय फुगण्याच्या आजाराची चौकशी सुरू केली. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. पण तोवर धान्य म्हणजे विष, हा प्रचार आपल्या तालुक्याच्या पेट शॉपपर्यंत पोचलाय.

हे वाचून कुणी "बघा, आपली भाकरीच बरी" म्हणायच्या आत थांबवतो. ज्वारीत प्रोटीन दहा टक्क्यांच्या आसपास आणि लायसिन तुटपुंजं. दूध ती उणीव बरीच भरून काढतं, म्हणून दूध-भाकरी ही जोडी चालते. पण धनगराचं कुत्रं नुसत्या भाकरीवर कधीच नव्हतं. उंदीर, घोरपड, मेंढीची वार, मेलेलं कोकरू, हे त्याचं त्यानं मिळवलेलं. फ्लॅटमधल्या कुत्र्याला भाकरी तेवढी मिळते, वार मिळत नाही. 'आमच्या घरात मांस चालत नाही' म्हणत वरणभातावर पिल्लू वाढवणाऱ्यांनाही हेच. सोयाबीन सांगलीच्या शिवारात ढिगानं होतं, नीट शिजवलं तर प्रोटीन उत्तम, कच्चं मात्र पचन बिघडवतं. शाकाहारी कुत्रा पाळता येतो, पण त्यासाठी मेथिओनिन-टॉरिनचा हिशोब लागतो. त्यात श्रद्धेचं काम नाही.

मी त्या कंपनीला मेल केला. शंभर ग्रॅममध्ये लायसिन किती, मेथिओनिन किती, पचनीयता कशावर तपासली, गुणक कुठला? उत्तर आलं, 'आमचं उत्पादन उच्च प्रतीचं आहे', आणि सोबत पंधरा टक्के सवलतीचं कूपन. दुसऱ्या एका कंपनीनं मात्र दोन दिवसांत अख्खा तक्ता पाठवला. म्हणजे तक्ता असतो. छापत नाहीत, कारण आपण मागत नाही. फोनची रॅम, कॅमेऱ्याचा सेन्सर, प्रोसेसर कुठल्या पिढीचा, यावर आपण रात्र रात्र भांडतो. पिल्लाच्या पिशवीसाठी मात्र समोरच्या पानावर हसणारा लॅब्राडोर पुरतो.

डॉक्टरांनी दुसरं खाद्य आणि वर एक उकडलेलं अंडं सांगितलं. सहा आठवड्यांत शी घट्ट झाली. परवा नव्या पिशवीचा तक्ता मी आबांना वाचून दाखवत होतो. लायसिनपाशी त्यांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. कशाचं हाय, ते लिवलंय का?"

"कोंबडीचं, आबा. आणि मासळीचं."

"मग घाल."