सिंगल अ‍ॅक्शन की स्ट्रायकर? पिस्तुलातला फरक आणि गावठी कट्ट्याची ‘सेफ्टी’

‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसांसह तरुण ताब्यात.’ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बातम्या मोबाईलवर वाचत असाल तर ही ओळ तुमच्या ओळखीची आहे. गाव बदलतं, पण पकडलेल्या पोराचं वय बरेचदा तुमच्याएवढंच असतं. कमरेला पिस्तूल लावून रील टाकणारेही त्यात असतात. ‘सेफ्टी लावलीय रे, काही होत नाही,’ असं सांगणारा एक मित्रही असतोच. या सेफ्टीचं नेमकं काय असतं, ते आज बघूया.

आधी दोन शब्द

बोटानं दाबतो तो चाप, म्हणजे ट्रिगर. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला दिसणारा छोटा हातोडा म्हणजे घोडा. गोळी सुटते कशी? फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाला जोरात टोचते, तिथली ज्वालाग्राही टोपी पेटते आणि बारूद भडकते. सगळा फरक आहे तो ही पिन पुढे ढकलतं कोण, यात.

सिंगल अ‍ॅक्शन

इथे चाप एकच काम करतो: आधीच मागे ओढून ठेवलेला घोडा सोडणं. घोडा मागे नसेल तर चाप दाबून काही होत नाही. तो मागे असेल तर हलका, छोटासा दाब पुरतो. म्हणून अशा पिस्तुलाला अंगठ्याने लावायची सेफ्टी देतात.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ एमएम पिस्तूल ऑटो १ए. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची ही भारतीय आवृत्ती. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. लष्कर आणि पोलिसांनी ते वर्षानुवर्षं वापरलं.

स्ट्रायकर-फायर्ड

इथे बाहेर घोडाच नाही. वरच्या सरकत्या भागात, म्हणजे स्लाईडमध्ये, स्प्रिंग लावलेली पिन असते. तिलाच स्ट्रायकर म्हणतात. ग्लॉकमध्ये स्लाईड ओढली की ही स्प्रिंग अर्धवट ताणली जाते. उरलेला ताण चाप देतो आणि मग स्ट्रायकर सुटतो.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉक १७ ने ही पद्धत जगभर नेली. आपल्या एनएसजी कमांडोंकडेही ग्लॉक आहे. यात अंगठ्याची सेफ्टी नसते. तीन सेफ्टी आतच असतात: एक चापावर, एक पिन अडवणारी आणि एक पिस्तूल पडलं तर गोळी सुटू न देणारी.

मग जास्त सुरक्षित कोणतं?

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये घोडा मागे आहे की नाही, हे डोळ्यांना दिसतं. पण सेफ्टी लावायचं लक्षात ठेवावं लागतं. स्ट्रायकरमध्ये लक्षात ठेवायचं कमी, पण आत काय चाललंय ते फारसं दिसत नाही. सगळा भरवसा आतल्या सुट्या भागांवर.

हे भाग किती महत्त्वाचे, ते अमेरिकेत दिसलं. सिग सावरचं पी३२० हे स्ट्रायकर पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं तर गोळी सुटू शकते, हे २०१७ मध्ये समोर आलं. कंपनीला मोफत सुधारणा द्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका तळावर जवानाचा मृत्यू झाला. हवाई दलाच्या एका मोठ्या विभागानं याच कुटुंबातल्या एम१८ चा वापर थांबवला. पुढे या प्रकरणात दुसऱ्या जवानाला अटक झाली आणि तपासणीनंतर पिस्तुलं परत वापरात आली. म्हणजे दोष यंत्राचा की माणसाचा, हे ठरवायलाही तपास लागतो.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या पायाला गोळी लागली. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं.

आता कट्ट्याकडे या

मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमरटी हे गाव अशा शस्त्रांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन शस्त्रं बनवायच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. तिथलं पिस्तूल दिसायला कंपनीसारखं असू शकतं. पण लोखंड कुठलं, पिन अडवणारा भाग आत आहे का, पाडून कुणी तपासलंय का, यातलं काहीच बाहेरून कळत नाही. बाजूची सेफ्टी नुसती शोभेचीही असू शकते. ज्या चाचणीत नामांकित कंपनी अडकली, ती चाचणी कट्ट्याची कुणी घेतच नाही. आणि पोरं तो खोचतात कुठे? कमरेला.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल जवळ ठेवलं तर साधारण २ ते ५ वर्षं कैद आणि दंड. शस्त्र ‘प्रतिबंधित’ वर्गातलं निघालं तर ७ ते १४ वर्षं. लग्नात, मिरवणुकीत हौस म्हणून बेफिकीर गोळीबार केला आणि इतरांचा जीव धोक्यात आला, तर परवाना असला तरी २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नगरमध्ये लष्कराची मोठी केंद्रं आहेत, भरतीची तयारी करणारी पोरं गावोगाव आहेत. त्यांनी हे आधी ओळखावं. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो, आणि १५ सेकंदांची रील पोलिसांच्या हातात पुरावा होते.

मित्रानं कट्टा हातात दिला तर ‘सेफ्टी आहे का?’ हा प्रश्नच नको. हात मागे घ्या, तिथून निघा आणि ११२ ला फोन करा. तुमच्या हातातली खरी सेफ्टी तेवढीच आहे.