रजा कुणाच्या नावावर?

घरात सेरेब्रल पाल्सी असलेला पंचविशीतला मुलगा असला, की त्याची आई भाचीच्या लग्नाला जाते ती अक्षता पडेपर्यंतच. पंगतीला थांबत नाही. मुलाला दुपारचं भरवायचं असतं, कूस बदलायची असते, डायपर बघायचा असतो. शेजारीण तासभर बसेलही. पण साठ किलोच्या देहाला न दुखवता उचलायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. शहरात ब्युरोची बाई मिळते, पण तिचे पैसे भागवता भागवता घरातल्या एकाचा पगार संपतो.

२०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची काळजी घेतात आणि त्यात त्यांची दिवसाची सुमारे १४० मिनिटं जातात. पुरुष २१ टक्के, मिनिटं ७४. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथे रात्रही याच खात्यात जाते.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निघालेल्या ‘समर्थ’ योजनेत घरच्यांना उसंत मिळावी म्हणून दिव्यांग व्यक्तीला काही काळ केंद्रात ठेवण्याची सोय आहे. पण कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरताच. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा त्यात बसत नाहीत. शिवाय केंद्र जवळ असायला हवं! केरळ ‘आश्वासकिरणम्’मधून काळजी घेणाऱ्या व्यक्तीला महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम तुटपुंजी, पण निदान तिच्या नावावर. आपल्याकडे महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान दिव्यांगाच्या नावावर येतं. त्याला सांभाळणारीसाठी त्यात रकाना नाही. लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या राज्याला ही बहीण दिसू नये, हे नवल.

जर्मनीत १९९५पासून काळजी-विमा आहे, वर्गणी पगारातून कापली जाते. जुलै २०२५पासून तिथे दुसऱ्या किंवा त्यावरच्या काळजी-श्रेणीतल्या रुग्णामागे वर्षाला ३,५३९ युरोपर्यंतची रक्कम केवळ बदली काळजीसाठी मिळते. बदली माणूस घरी बोलवा किंवा रुग्णाला थोडे दिवस केंद्रात ठेवा. घरी काही तासांपुरतंही कुणी आलं, तरी चालतं.

तेवढी तिजोरी आपल्याकडे नाही, पण तासांचा हिशेब उचलण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती आणि पालिकांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावाच लागतो. बऱ्याच गावांत तो मार्चअखेर सर्वांना सारखा वाटून मोकळं होण्याची रीत आहे. त्यातूनच बचत गटातल्या चार-पाच जणींना उचलणं, भरवणं, पाठीच्या जखमा टाळणं शिकवता येईल, आणि आठवड्यातली एक दुपार त्यांना अशा घरी पाठवून त्याचे पैसे पंचायतीने द्यावेत. ग्रामसभेत ठराव मांडायला एवढा मजकूर पुरेसा आहे.