पाईआधी रान

अमेरिकेच्या वायव्य डोंगरांतली हकलबेरी पाई म्हणजे मैद्याच्या दोन खुसखुशीत थरांत साखर घालून भाजलेली, कडेने जांभळा रस ओघळणारी रानफळे. हकलबेरीचे झुडूप शेतात लावायचे प्रयत्न झाले, पण व्यापारी पीक म्हणून ते रुजले नाही. त्यामुळे पाईचे भवितव्य रानावरच ठरते. तिथले मूलनिवासी याकामा लोक पिढ्यान्‌पिढ्या ही फळे वेचत आणि झुडपांना ऊन मिळावे म्हणून रान जाळून मोकळे करत. सरकारने प्रत्येक वणवा विझवायला घेतला, तशी झाडी दाटली आणि बेरीची पठारे आकसली.

१९३२मध्ये वनाधिकारी ब्रकार्ट आणि याकामा प्रमुख विल्यम यॅलप यांनी हस्तांदोलनावर माउंट ॲडम्सजवळच्या बेरीरानाचा एक भाग मूलनिवासींसाठी राखला. सार्वजनिक वनात राखीव कोपरा कशाला, असे विचारले जाते. पण अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५च्या तहात जमीन सोडताना याकामांनी फळे वेचण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. ती कुणाची मेहेरबानी नाही. विक्रीसाठी बेरी वेचण्यावर बंधने घातली तर वेचणाऱ्या गरिबांची मजुरी बुडेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यावर तोडगा मोजक्या परवान्यांचा आणि रान मोकळे करण्याच्या रोजगाराचा. पाककृती जपणे सोपे आहे. आधी रानाची जुनी वहिवाट मान्य करायला हवी.